एरोसोल: शब्द फवाऱ्याचा, प्रश्न श्वासाचा

डास मारायच्या किंवा सुगंधी फवाऱ्याच्या डब्यावर 'एरोसोल' असे छापलेले असते. त्यामुळे अनेकांना एरोसोल म्हणजे तो डबाच वाटतो. विज्ञानात अर्थ निराळा आहे. हवा आणि तिच्यात तरंगणारे घन किंवा द्रव पदार्थाचे अतिसूक्ष्म कण, हे दोन्ही मिळून एरोसोल. मराठी परिभाषेत त्याला 'वायुकलिल' म्हणतात. शब्द नेमका आहे, पण पुस्तकाबाहेर फारसा पडला नाही. धुके, उदबत्तीचा धूर ही त्याचीच रूपे. आपण बोलतो, गातो, खोकतो तेव्हाही एरोसोल बाहेर पडतो.

करोनाच्या साथीत वाद पेटला तो या शेवटच्या प्रकारावरून. वैद्यकाच्या पुस्तकांत सरळ वाटणी होती: ५ मायक्रॉनपेक्षा मोठा कण म्हणजे थेंब, तो मीटर-दोन मीटरवर खाली पडतो, त्याहून लहान तो एरोसोल. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना हवेतून पसरत नाही, असे ठामपणे सांगितले. भर राहिला हात धुण्यावर आणि अंतर ठेवण्यावर. खिडक्या उघडायचे मागे पडले. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी खुल्या पत्रातून ही भूमिका बदलण्याची मागणी केली.

भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने होते. ५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे अर्धा तास लागतो. काही सेकंदांत खाली पडतो तो १०० मायक्रॉनचा थेंब, आणि विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३४ मध्येच १०० च्या आसपासची ही सीमा मांडली होती.

मग ५ चा आकडा आला कुठून? जुनी कागदपत्रे धुंडाळल्यावर धागा क्षयरोगापर्यंत गेला. क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांत पोहोचावे लागतात, आणि तिथवर प्रामुख्याने ५ मायक्रॉनहून लहान कणच जातात. 'किती खोल जातो' याचे हे माप पुढे 'किती वेळ तरंगतो' याचे माप समजले गेले. ही गफलत अनेक दशके कुणाला खटकली नाही, हे नवलच.

एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'थेंब' आणि 'एरोसोल' ही फारकतच सोडून दिली. आता लहानमोठ्या सगळ्यांना एकच नाव आहे: संसर्गजन्य श्वसनकण.