तीव्र विषाणुजन्य यकृतदाहाच्या निदानातील रक्तदर्शके : एक विवेचन

प्रस्तावना :
कावीळ हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन वाढल्याने डोळे पिवळे दिसतात. परंतु ते का वाढले, हे केवळ रुग्णाला पाहून सांगता येत नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या सांडपाणीमिश्रित पाण्यामुळे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही साथ हिपॅटायटिस 'ए'ची मानली गेली. मात्र त्या वेळी जतन केलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीतून ती 'ए'ची वा 'बी'ची नसल्याचे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा सहभाग होता. पुढे हा विषाणू 'ई' म्हणून ओळखला गेला. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच विषाणूची साथ उद्भवली.

रक्तदर्शकांचे तीन गट :
१) हानिदर्शके : यकृतपेशींना इजा झाल्यावर एएलटी (एसजीपीटी) व एएसटी ही विकरे रक्तात उतरतात. तीव्र यकृतदाहात त्यांची पातळी बहुधा सामान्य मर्यादेच्या दहापटीहून अधिक असते. त्यावरून इजा कळते, विषाणू कळत नाही.

२) कार्यदर्शके : रक्त गोठण्यास आवश्यक प्रथिने यकृतात तयार होतात. त्यामुळे प्रोथ्रॉम्बिन काल (आयएनआर) वाढणे हे यकृताचे कार्य ढासळत असल्याचे लक्षण होय. एएलटी उतरत असताना आयएनआर वाढत असेल, तर ती सुधारणा नसून धोक्याची सूचना असते.

३) कारणदर्शके : 'ए' व 'ई' यांसाठी त्या त्या विषाणूविरुद्धचे आयजीएम प्रतिपिंड तपासतात. 'बी'चे केवळ पृष्ठप्रतिजन आढळल्याने संसर्ग नवा ठरत नाही. त्यासाठी गाभा-प्रतिजनाविरुद्धच्या आयजीएमची जोड लागते. 'सी'मध्ये प्रतिपिंड उशिरा निर्माण होत असल्याने प्रारंभी विषाणूचे आरएनए शोधावे लागते.

निष्कर्ष :
या तिन्ही गटांचा एकत्रित विचार केल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत हिपॅटायटिस 'ई' झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इंदापूर-बारामतीसारख्या ग्रामीण परिसरात कावीळ झालेल्या गर्भवतीस झाडपाल्याच्या औषधावर विसंबून ठेवणे म्हणूनच घातक ठरू शकते. अशा वेळी पहिल्याच दिवशी केलेली आयएनआर व आयजीएम चाचणी माता व बालक या दोघांसाठी निर्णायक ठरू शकते.