मिलानची नळी, वाइनविना

मटणाच्या रश्शातली नळी कोणाच्या वाटणीला आली, यावरून आपल्याकडे जेवताना गोड भांडणे होतात. इटलीतल्या मिलान शहराने तर पदार्थालाच नळीचे नाव देऊन टाकले आहे. ‘ओस्सो’ म्हणजे हाड, ‘बुको’ म्हणजे भोक. वासराच्या पायाच्या पोटरीचे आडवे जाड काप, मधोमध मज्जेने भरलेली नळी, भोवती कोवळे मांस. ते मंद आचेवर शिजवायचे आणि केशर घातलेल्या पिवळ्याधमक भाताबरोबर, म्हणजे रिसोत्तोबरोबर वाढायचे. हा ओस्सोबुको.

मिलानमध्ये मुस्लिम कुटुंबे बरीच आहेत. इजिप्त, मोरोक्को, बांगलादेशातून आलेल्यांची मुले तिथेच वाढली, तिथल्याच शाळांत शिकली. आपल्या शहराचा म्हणून जो पदार्थ मिरवला जातो, तो इफ्तारच्या दस्तरखानावरही यावा असे त्यांना वाटले तर नवल नाही. मांस हलाल हवे, तर तशी दुकाने शहरात आहेत. अडते ते वाइनपाशी. आजच्या बहुतेक पाककृतींत कांदा परतला की पांढरी वाइन ओततात. ‘उकळली की उडून जाते’ असे समजावणारे भेटतात. पण थोडा अंश उरतोच, आणि रोजेदाराचा प्रश्न किती उरते हा नसतोच.

मग वाइन वगळली तर तो ओस्सोबुको राहतो का? याचे उत्तर एका जुन्या पुस्तकात आहे. पेल्लेग्रिनो आर्तुसी हा फ्लॉरेन्समध्ये राहणारा व्यापारी. स्वयंपाकाचा शौकीन. १८९१ मध्ये त्याने पदरचे पैसे घालून पाककृतींचे पुस्तक छापले आणि पुढे ते इटलीच्या घराघरांत पोहोचले. त्यात ओस्सोबुकोही आहे. हा पदार्थ खरे तर मिलानकरांनाच करू द्यावा, आपली उगाच थट्टा व्हायची, अशी कबुली देऊनच तो कृती सांगतो. आणि त्या कृतीत वाइनचा थेंबही नाही! कांदा, गाजर, सेलरी, लोणी, थोडा मैदा, पाणी आणि टोमॅटो. शेवटी लिंबाची साल आणि पार्सली. म्हणजे वाइनविना केलेला ओस्सोबुको ही काही रोजेदारांनी काढलेली पळवाट नव्हे.

इटलीच्या सगळ्याच पदार्थांत हे इतके सोपे नाही. रोमच्या साल्तिंबोक्कात वासराच्या मांसावर डुकराच्या मांसाचा काप ठेवलेला असतो. तो काढला तर पदार्थच उरत नाही.

घरी करताना काप तीन-चार सेंटिमीटर जाड हवेत. कडेच्या पातळ पडद्याला दोन-तीन चिरा द्यायच्या, नाहीतर तापल्यावर तो आवळतो आणि काप वाटीसारखा वळतो. मैद्यात घोळवून लोण्यात दोन्ही बाजूंनी तांबूस करायचे. पातेल्याच्या बुडाला जे खरपूस चिकटते त्यातच खरी चव असते. वाइनऐवजी गरम यखनी ओतून ते खरवडून घ्यायचे. मग झाकण ठेवून दीड-दोन तास विसरायचे. घाई केली तर मांस चिवट राहते. पोटरीतले स्नायुबंध सावकाश विरघळतात आणि त्यांनीच रस्सा दाट होतो. वाढण्याआधी लिंबाची किसलेली साल, लसूण आणि पार्सली एकत्र बारीक चिरून वर पेरायची. हिला ग्रेमोलाता म्हणतात. मज्जेचा जडपणा या चिमटीने हलका होतो.

फेब्रुवारी-मार्चात रमजान आला की मिलानमध्ये सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो. चार वाजता पातेले चढवले की मगरीबपर्यंत काम होते. रोजा धरून रांधणारीची जुनी पंचाईत म्हणजे मीठ; चाखायला मन धजत नाही. यखनी आटत जाते तसा खारटपणा वाढतो, म्हणून सुरुवातीला हात आखडताच ठेवायचा. कमी पडले तर रोजा सुटल्यावर घालता येते, जास्त झालेले काढता येत नाही.

महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे. बैलांचाही त्यात २०१५ पासून समावेश झाला. त्यामुळे इथे ज्याला ही पद्धत करून पाहायची असेल त्याने बोकडाच्या पायाच्या नळ्या आडव्या कापून घ्याव्यात. काप लहान पडतात, चवही निराळी येते. त्याला ओस्सोबुको म्हणू नये, पण रस्सा झकास होतो. पार्सली मिळाली नाही तर कोथिंबीर चालते. गरम मसाल्याचा मोह मात्र टाळावा.

मज्जा काढायला इटलीत एक लांब, निमुळता चमचा असतो. नळीच्या तळापर्यंत जाऊन काहीच शिल्लक ठेवत नाही, म्हणून त्याला थट्टेने करवसुलीवाला म्हणतात. आपल्याकडे असा चमचा मिळायचा नाही. नळी ताटाच्या कडेवर आपटायची, नाहीतर सरळ तोंडाला लावायची.