टाकाऊ लाकडातून दाढीचा कंगवा

दाढीला वेगळा कंगवा कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. दाढीचा केस डोक्याच्या केसापेक्षा राठ असतो आणि हवा तिकडे वळतो. प्लास्टिकच्या स्वस्त कंगव्यावर साच्याच्या जोडाची बारीक धार राहते, तिच्यात तो अडकतो आणि ओढला जातो. लाकडाचा दाता मात्र घासून पूर्ण गोल करता येतो. शहरातले तरुण आता दाढी राखतात, तेल लावतात आणि असा कंगवा पैसे देऊन घेतात. हौस नवी नाही. यहोशवाच्या पुस्तकात ज्या लाखीश नगराचे नाव येते, तिथे २०१६ साली उत्खननात एक चिमुकली हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावरची अक्षरे २०२२ मध्ये लागली. डोक्याच्या केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात, एवढेच मागणे त्यांत होते, तेही सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचे!

आता आपल्याकडे येऊ. मुळशी तालुक्यात दासवे गावाजवळ, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा वसवले गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि बरेच बांधकाम अर्धवट राहिले. मुळशीचा पाऊस राहत्या घरांनाही सोडत नाही. चौकटी फुगतात, खिडक्या बदलाव्या लागतात आणि काढलेले लाकूड बहुधा चुलीत जाते. याच डोंगरपट्ट्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रात शासनाने आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलावर निर्बंध आले तसा तो धंदा मोडला आणि माणसे कोळशाच्या व वीटभट्ट्यांच्या कामाला लागली. भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात. लावणी उरकली की श्रावण-भाद्रपदात हाताला काम नसते आणि घरात धान्यही संपत आलेले असते. कंगव्याचे काम छपराखाली बसून करायचे, म्हणून ते या दिवसांत बसते. कंगव्यामुळे भट्टीवर जाणे थांबेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

लाकूड निवडणे हेच अर्धे काम. जुने सागवान चांगले, शिसव त्याहून चांगले, बाभूळ कठीण पण टिकाऊ. हेदूचे लाकूड तर पूर्वीपासून कंगव्यांसाठी वापरतात. चिराची वा पाइनची पेटी नको, दाते मऊ पडतात. प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या नकोतच, त्यांत रासायनिक गोंद असतो. सेंट्रिंगच्या फळ्या सिमेंट आणि तेल प्यायलेल्या असतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे रंगवलेली चौकट खरवडायला घेऊ नये. माल वाहण्याच्या लाकडी पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल, तर त्यावर विषारी वायूची धुरी दिलेली असते, ती बाजूला ठेवावी.

फळीतले सगळे खिळे आधी काढावेत. मग साधारण १० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि ६ ते ८ मिलिमीटर जाड तुकडा कापावा. लाकडाचे रेषे दात्यांच्या लांबीच्या दिशेनेच गेले पाहिजेत, म्हणजे कंगव्याच्या पाठीला आडवे. नवशिका नेमका उलटा तुकडा कापतो, कारण फळीतून लांबट तुकडा तसाच सहज निघतो. त्याचे दाते पहिल्याच दिवशी कटकन मोडतात. रेषे बरोबर ठेवले की दाते टिकतात, पण पाठ कमजोर होते, म्हणून पाठीला निदान २ सेंटिमीटर लाकूड राखावे.

दाते पाडण्याआधीच तुकडा रंध्याने टोकाकडे निमुळता करावा. नंतर ते जमत नाही. पेन्सिलीने रेघा आखाव्यात. दाता २ मिलिमीटर, फट तेवढीच, लांबी सुमारे ३ सेंटिमीटर. मिशीसाठी एका बाजूला फटी अरुंद ठेवता येतात. तुकडा शिकंज्यात घट्ट धरून लोखंड कापायच्या करवतीने फटी पाडाव्यात. एका पात्याची फट साधारण १ मिलिमीटरची पडते, दोन पाती जोडून लावली की रुंद फट एकाच वेळी निघते.

वेळ खातो तो पुढचा भाग. पॉलिश पेपरची पट्टी पातळ कामटीवर चिकटवून प्रत्येक फटीतून फिरवायची, आधी १२० नंबर, मग २२०, मग ४००. टोके गोल करायची. ओल्या फडक्याने पुसून वाळवले की दबलेले रेषे उठतात, ते पुन्हा घासायचे. बोटावरून फिरवताना कुठेही खरखर लागली तर कंगवा विकायला ठेवू नये. नाकातोंडाला फडके बांधावे, शिसवाच्या भुशाने काहींना खाज सुटते. शेवटी जवसाचे तेल चोळून पूर्ण वाळू द्यावे. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळे पसरून वाळवावेत.

मंडळीतील बंधुभगिनींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. घराची दुरुस्ती निघाली आणि जुने लाकूड द्यायचे झाले, तर सोबत तारीख आणि सही असलेली चिठ्ठी द्या. कातकरी मुलाच्या खांद्यावर सागाची फळी दिसली की पहिला प्रश्न ‘कुठून आणलीस?’ हाच असतो, आणि तोंडी उत्तर पुरत नाही. बंद पडलेल्या इमारतींतले लाकूड कितीही सडत असले, तरी मालकाच्या परवानगीविना त्याला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट किमतीची. नवशिक्याला एका कंगव्याला अर्धा दिवस लागतो. तेवढ्या वेळाची शेतमजुरी, पॉलिश पेपर आणि तेल धरून जी रक्कम येते, ती खाली आणू नका. दया म्हणून वाकडा कंगवाही विकत घेऊ नका. घेण्याआधी दात्यांवरून अंगठा फिरवा, टोचला तर तिथेच परत द्या आणि कोणता दाता ते दाखवा.