हाडांची घनता आणि हाडांचे बळ

आईचा खुबा मोडला तेव्हा तिच्या फायलीत सात महिन्यांपूर्वीचा डेक्सा तपासणीचा अहवाल होता. टी-स्कोर उणे १.९. ‘ऑस्टिओपोरोसिस नाही’ एवढे वाचून आम्ही निर्धास्त झालो होतो. न्हाणीच्या उंबऱ्याला पाय अडखळला, एवढेच निमित्त. मी डॉक्टर नाही. पण त्या आकड्याचा अर्थ काय, हे त्यानंतर शोधत गेलो.

निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरी घनतेपासून आपली घनता किती प्रमाण विचलने दूर आहे, हे टी-स्कोर सांगतो. उणे २.५ ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ साली आखली. समाजात या विकाराचे प्रमाण मोजायला ती सोयीची होती. दवाखान्यात मात्र तीच रोगी आणि निरोगी यांच्यातली भिंत होऊन बसली.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मणके सोडून इतर हाडे मोडलेल्या स्त्रियांपैकी फक्त ४४ टक्के स्त्रिया या रेघेखाली होत्या. कोडे सोपे आहे. रेघेखालच्या प्रत्येकीचा धोका जास्त खरा, पण रेघेवरच्या स्त्रियांची संख्याच फार मोठी. त्यामुळे निम्म्याहून अधिक हाडे तिथे मोडतात.

बरे, घनता वाढवली तर? अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रिग्ज आणि सहकाऱ्यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रियांवर सोडियम फ्लोराइडचा प्रयोग केला. १९९० साली तो प्रसिद्ध झाला. चार वर्षांत कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मणके मोडण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही आणि इतर हाडे उलट जास्त मोडली. आपल्याकडे हे नवे वाटू नये. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे होणाऱ्या हाडांच्या विकाराचे वर्णन नेल्लोर जिल्ह्यातून १९३७ सालीच झाले होते. क्ष-किरण चित्रात ते हाड दाट, पांढरे दिसते. बळ मात्र दिसते तितके नसते. कारण हाड म्हणजे नुसते खनिज नव्हे. कोलेजनचे धागे, आतली जाळीदार रचना आणि झिजलेला भाग काढून नवा भरण्याचे सतत चालणारे काम, या सगळ्यांवर त्याचे बळ ठरते.

म्हणून २००८ साली शेफील्ड विद्यापीठातून आलेले ‘फ्रॅक्स’ हे गणित घनतेबरोबर वय, वजन, धूम्रपान, स्टिरॉइड, पूर्वीचे फ्रॅक्चर हेही विचारते आणि पुढच्या दहा वर्षांतला धोका टक्क्यांत सांगते. घनतेचा आकडा नसला तरी ते मांडता येते. आईचे मनगट चार वर्षांपूर्वी मोडले होते. प्लास्टर निघाले आणि आम्ही ते विसरलो. खरी सूचना तिथेच मिळाली होती. मूळ फ्रॅक्समध्ये वारंवार पडण्याची नोंद नाही, तेव्हा उंबरा आणि ओली फरशी आपणच पाहायची.

परवा मी स्वतःसाठी तो तक्ता भरला. त्यात एक प्रश्न आहे : आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का? मी ‘होय’वर खूण केली.