कुत्रा छाप तबकडी आणि टेरियरचे कान

बनारसच्या बालाजी मंदिरात रियाझ करणाऱ्या बिस्मिल्ला खाँची शहनाई मराठी घरांत पोचली ती एचएमव्हीच्या (‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजे मालकाचा आवाज) तबकड्यांवरून. तबकडीवर कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला कुत्रा म्हणजे निपर. जन्म १८८४, ब्रिस्टल. रक्त मिश्र, वळण टेरियरचं. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावे घेई म्हणून हे नाव पडलं. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉने त्याचं हे चित्र काढलं ते तो गेल्यावर.

टेरियर असा स्वस्थ बसलेला क्वचितच दिसतो. जॅक रसेल टेरियरची उंची जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर आणि वजन पाच-सहा किलो, पण अंगात दम विलक्षण. जॉन रसेल या इंग्लिश पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात कोल्ह्याच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांपासून ही जात आली. कोल्हा समजून चूक होऊ नये म्हणून रंग पांढरा. बिळात अडकू नये म्हणून छाती दोन हातांच्या पकडीत मावेल एवढी. भुंकणं तर त्याचं कामच होतं: जमिनीखाली तो कुठे आहे हे त्या आवाजावरून ओळखून वरची माणसं खणत. फ्लॅटमध्ये टेरियर आणून ‘फार भुंकतो, कुंड्या उकरतो’ अशी तक्रार करणं म्हणजे त्या जिवावर अन्यायच.

त्याच्या कानांची गोष्ट अधिक रंजक आहे. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत. उंदरांची आपल्या कानाआड राहणारी चिरचिर त्याला कळते. मान कलती करण्यालाही अर्थ असावा. २०२१ च्या हंगेरीतल्या अभ्यासात खेळण्यांची नावं चटकन शिकणाऱ्या कुत्र्यांनी नाव ऐकताना ४३ टक्के वेळा मान कलती केली, इतरांनी फक्त दोन टक्के. संशोधकांनी त्याचा संबंध लक्ष देण्याशी आणि आठवण्याशी जोडला.

मग निपरला कर्ण्यातून मालक ओळखता आला असता? त्या काळचं ध्वनिमुद्रण अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं टिपत नसे. शहनाईचं त्यात मोठं नुकसान झालं असतं, कारण तिच्या दुहेरी पत्तीतून वरचे उपस्वर भरभरून निघतात. सुदैवाने खाँसाहेबांच्या काळापर्यंत मायक्रोफोन आला होता. बोलण्याचा बराचसा भाग मात्र त्या अरुंद पट्ट्यातही मावतो. जुना टेलिफोन साडेतीन हजार हर्ट्झच्या आतलाच आवाज पोचवायचा, तरी पहिल्या ‘हॅलो’ला आपण आईला ओळखायचो. कुत्रीही मालकाचा आवाज परक्यांपासून वेगळा ओळखतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे बॅरॉचं चित्र मला निव्वळ कल्पना वाटत नाही.