किती घ्यायचे, हा प्रश्न

शेअर बाजारावरील पुस्तकांचा मोठा भाग ‘काय घ्यावे’ आणि ‘केव्हा घ्यावे’ या दोन प्रश्नांनी व्यापलेला असतो. आलेख, ताळेबंद आणि निर्देशक यांवर शेकडो पाने खर्ची पडतात, आणि ‘किती घ्यावे’ हा तिसरा प्रश्न बहुधा शेवटाकडच्या एखाद्या प्रकरणात, वाचक दमल्यावर, पुढे येतो. या तिसऱ्या प्रश्नाला ट्रेडर मंडळी ‘पोझिशन साइझिंग’ म्हणतात, म्हणजे एका सौद्यात किती शेअर किंवा किती लॉट (वायद्यातील ठरावीक संख्येचे गठ्ठे) घ्यायचे, हे जवळच्या भांडवलावरून आणि सोसवेल एवढ्या तोट्यावरून सौद्याच्या आधीच ठरवणे. एकूण भांडवल कसे राखावे आणि लागोपाठ तोटे होऊ लागले की हात कुठे आखडता घ्यावा, या व्यापक शिस्तीला ‘मनी मॅनेजमेंट’ असे नाव आहे.

मुंबईने या प्रश्नाची किंमत अशी पुस्तके निघण्याच्या कितीतरी आधी मोजली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, पश्चिम हिंदुस्थानातील कापसाचे भाव भडकले, आणि त्यातून आलेला पैसा नव्या बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्या यांच्या शेअरांत शिरला. बॅक बे भरणी कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 रुपयांच्या घरात गेला. वायद्यांची मोठी फेड 1 जुलै 1865 रोजी व्हायची होती. पण त्या वसंतातच युद्ध संपले, कापूस उतरला, आणि फेडीच्या दिवशी देणी भागवण्याची ऐपत फारच थोड्यांकडे उरली. पुरेशा तारणाशिवाय कर्जे देऊन बसलेल्या बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 2,850 रुपयांवरून शेवटी 87 रुपयांवर आला. कापूस तेजीत राहील हा त्या व्यापाऱ्यांचा अंदाज जवळजवळ चार वर्षे बरोबर ठरला होता, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. त्यांना बुडवले ते उधारीवर, ऐपतीच्या अनेक पटींनी वाढवलेल्या सौद्यांनी.

पुढे 1875 मध्ये दलालांची संघटना झाली, तिचाच आजचा मुंबई शेअर बाजार. या बाजारात 1995 पर्यंत सौदे रिंगणात ओरडून होत असत, आणि गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखणारा दलाल त्याची पत पाहूनच ऑर्डर घेत असे, त्यामुळे सौद्याच्या आकाराला बाहेरून का होईना एक लगाम असे. आता म्हैसूरच्या गोकुलमसारख्या वस्तीतला माणूसही मोबाइलवरून दलाल स्ट्रीटवरच्या माणसाइतक्याच वेगाने सौदा टाकतो, आणि मध्ये ‘पुरे’ म्हणणारे कोणी नसते. ते काम आता पुस्तकावर येऊन पडले आहे. बेंगळुरूमधून निघणाऱ्या, झिरोधा या दलाली कंपनीच्या ‘व्हर्सिटी’ या मोफत पाठमालेत जोखीम व्यवस्थापनाला स्वतंत्र भाग दिलेला आहे, तो याच गरजेतून.

पुस्तकांनी दिलेला मूळ हिशोब शाळकरी आहे. पेशाने मानसोपचारतज्ज्ञ असलेले अलेक्झांडर एल्डर यांनी एका सौद्यात एकूण भांडवलाच्या 2 टक्क्यांहून अधिक रक्कम धोक्यात घालू नये, असा नियम रूढ केला. समजा भांडवल 3 लाख रुपये आहे, तर एका सौद्यात सोसायचा तोटा 6,000 रुपये होतो. शेअरचा भाव 480 रुपये असून 464 रुपयांना स्टॉपलॉस ठेवला, म्हणजे भाव तिथवर घसरल्यास विकून मोकळे व्हायचे ठरवले, तर प्रत्येक शेअरमागे जोखीम 16 रुपये. 6,000 ला 16 ने भागले की 375 शेअर हे उत्तर येते. इथे एक खाचखळगा आहे, आणि बरेच वाचक त्यात पाय घालतात: 375 शेअरांची किंमत 1,80,000 रुपये होते, म्हणजे जोखीम 2 टक्के असली तरी भांडवलाचे 60 टक्के एकाच कंपनीत अडकतात. म्हणून एका शेअरात किती पैसा घालायचा, याची दुसरी मर्यादाही आखून घ्यावी लागते.

स्टॉपलॉस कुठे ठेवायचा, याचे सर्वांत नेटके उत्तर शिकागोच्या ‘टर्टल’ ट्रेडरांकडून मिळते. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी 1983-84 मध्ये नवख्या माणसांना निवडून ट्रेडिंग शिकवले. त्यांच्या पद्धतीत एखाद्या मालाचा भाव दिवसाला सरासरी किती हलतो, हे मोजून त्या हालचालीच्या दुपटीवर स्टॉपलॉस ठेवला जाई. वरचाच शेअर रोज 8 रुपयांनी हलत असेल तर 16 रुपयांचा स्टॉपलॉस आणि 375 शेअर. पण त्याच 480 रुपयांचा दुसरा शेअर रोज 24 रुपयांनी हेलकावत असेल तर 48 रुपयांचा स्टॉपलॉस आणि फक्त 125 शेअर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. अंथरूण रोज लांबी बदलते, हे मात्र या हिशोबातून कळते.

2 टक्केच का, याचे उत्तर लागोपाठच्या तोट्यांत आहे. दर सौद्याला निम्मी शक्यता यशाची धरली, तरी 100 सौद्यांत कधी ना कधी सलग 5 तोटे येण्याची शक्यता सुमारे 80 टक्के असते, त्यामुळे अशी साडेसाती हा अपवाद मानून चालत नाही. दर वेळी उरलेल्या भांडवलाचे 2 टक्के गमावत सलग 10 तोटे झाले तर भांडवल सुमारे 18 टक्क्यांनी घटते आणि ते भरून काढायला सुमारे 22 टक्के नफा पुरतो. दर वेळी 10 टक्के गमावले तर 65 टक्के भांडवल जाते आणि पूर्ववत होण्यासाठी सुमारे 187 टक्के नफा लागतो. एल्डर यांच्या 2002 च्या पुस्तकातील 6 टक्क्यांचा नियम याच भीतीपोटी आला: महिन्यातील झालेले तोटे आणि चालू सौद्यांतील जोखीम मिळून 6 टक्के झाली की त्या महिन्यात नवा सौदा करायचा नाही. मानसोपचारतज्ज्ञाने हा नियम करावा, यात नवल नाही, कारण तो बाजारापेक्षा चिडलेल्या माणसासाठी अधिक आहे.

गणिताने याहून पुढचे उत्तर 1956 मध्येच दिले होते. बेल लॅबमधील जॉन केली यांच्या सूत्रानुसार जिंकण्याची शक्यता आणि मिळणारा मोबदला यांवरून पैजेचा योग्य हिस्सा काढता येतो. छापा पडण्याची शक्यता 60 टक्के असलेल्या नाण्यावर, सममूल्य मोबदल्यात, तो हिस्सा 20 टक्के येतो. व्हिक्टर हघानी आणि रिचर्ड ड्यूई यांनी 61 जणांना अगदी असेच नाणे आणि प्रत्येकी 25 डॉलर देऊन खेळायला बसवले. शक्यता आधीच सांगितलेली असूनही 28 टक्के लोकांनी सगळी रक्कम घालवली, कारण ‘किती’ हा प्रश्न त्यांनी अंदाजावर सोडला होता. बाजारात तर 60 टक्के हा आकडाही कोणी सांगत नाही, म्हणून सामान्य वाचकाने केलींचे सूत्र वापरण्याऐवजी त्यातला इशारा तेवढा घ्यावा, हे बरे.

पुस्तकांत ज्या गोष्टीला पुरेशी जागा मिळत नाही ती म्हणजे स्टॉपलॉस न पाळला जाण्याची शक्यता. 23 मार्च 2020 रोजी, करोनाच्या धास्तीत, निफ्टी हा निर्देशांक आदल्या बंद भावापेक्षा सुमारे 800 अंकांनी खाली उघडला. त्या वेळच्या 75 च्या एका लॉटवर 100 अंकांचा स्टॉपलॉस लावून 7,500 रुपयांच्या तोट्याची तयारी ठेवणाऱ्याला मधल्या 700 अंकांत गिऱ्हाईकच नव्हते, त्यामुळे तोटा 60,000 रुपयांच्या आसपास गेला.

बाजार नियामक सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यानंतर नोव्हेंबर 2024 पासून नव्या निर्देशांक करारांचे किमान मूल्य 15 लाख रुपये ठरले आणि निफ्टीचा लॉट 25 वरून 75 झाला. त्या वेळच्या या लॉटवर वरचेच सूत्र लावले, तर 100 अंकांच्या स्टॉपलॉससाठी जोखीम 7,500 रुपये होती, आणि 3 लाखांच्या भांडवलाचे 2 टक्के म्हणजे 6,000. उत्तर येई 0.8 लॉट. अर्धामुर्धा लॉट मिळत नाही, म्हणून पुस्तकाचे उत्तर शून्य असे. निफ्टी 24,000 वर असताना त्या लॉटसाठी लागणारे मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ठेवायची अनामत, सव्वादोन लाखांच्या आसपास असल्याने मोबाइलवरचे ॲप मात्र तीच ऑर्डर विनातक्रार घेत असे.