बंद तेलसाठ्याखालचं पाणी

तेलाची जागा बंद झाली, फाटकाला कुलूप लागलं, की वाटतं धोका टळला. पण जमिनीत मुरलेलं तेल तिथेच राहतं आणि हळूहळू विहिरीकडे सरकतं. ते कसं शोधतात, हे आज नायजेरियातल्या ओगोनीलँडच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

ओगोनीलँड हा सुमारे १००० चौरस किलोमीटरचा मुलूख. शेती आणि मासेमारीवर जगणारी माणसं. १९५०च्या दशकाअखेर तिथे तेल निघू लागलं आणि लोकांच्या विरोधामुळे १९९३ मध्ये उपसा थांबला. तेलविहिरी आणि नळ मात्र तिथेच राहिले, गळतीही होत राहिली. मग संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने तपासणी केली आणि २०११ मध्ये अहवाल दिला.

आधी तेल जमिनीत काय करतं ते पाहू. रश्शावर तर्री तरंगते तसं तेल भूजलावर तरंगतं. काही तेल समईतल्या वातीसारखं मातीच्या कणांत धरून राहतं आणि दर पावसात थोडं थोडं सुटतं. पण तेलातले बेंझिनसारखे पदार्थ पाण्यात विरघळतात, मीठ विरघळावं तसे. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि पाण्याबरोबर दूर जातात. बेंझिन दीर्घकाळ पोटात गेलं तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

म्हणून तपासणी पायरीपायरीने होते. पहिली पायरी विचारपूस. टाकी कुठे होती, नळ कुठून जात होता, तेल कधी सांडलं? हे कागदांपेक्षा गावातल्या जुन्या माणसांना जास्त ठाऊक असतं. ओगोनीलँडमध्ये गावसभांतून २३,००० हून अधिक लोकांशी संवाद झाला. दुसरी पायरी माती. ७८० ठिकाणी भोकं पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती काढली. तिसरी पायरी पाणी. त्यासाठी १४२ निरीक्षण विहिरी खास खोदल्या. अशा किमान तीन विहिरींतली पाण्याची पातळी मोजली, की भूजल कोणत्या दिशेला वाहतं ते कळतं. मग कोणाची विहीर आधी धोक्यात येईल, हेही कळतं.

काय सापडलं? खालच्या चिकणमातीच्या थरामुळे भूजल सुरक्षित आहे, असं मानलं जात होतं. पण तो थर सलग नव्हताच. बारकाईने तपासलेल्या ६९ पैकी ४९ ठिकाणी तेल ५ मीटर किंवा त्याहून खोल मुरलेलं होतं. निसिसिओकेन ओगाले या गावात, तेलाच्या नळाजवळ, भूजलावर तेलाचा ८ सेंटिमीटर जाड थर होता. तिथल्या पिण्याच्या विहिरींत बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. बाया तेच पाणी भरत होत्या. सगळा मुलूख पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं अहवाल सांगतो.

आपल्याकडेही जुने पेट्रोलपंप आहेत, डिझेलच्या टाक्या आहेत. मग आपण काय करावं?

पाण्याला रॉकेलसारखा वास आला किंवा वर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर काडीने ढवळून पाहा. तेलाचा तवंग फाटून पुन्हा जुळतो. लोहामुळे आलेली साय बहुधा तुकड्यांत फुटते आणि तशीच राहते. हा फक्त अंदाज झाला. खात्री प्रयोगशाळेतच होते. गावातल्या पाणी तपासणी संचात बेंझिन कळत नाही. तुरटी फिरवून, क्लोरीन टाकूनही ते जात नाही. घरात पाणी उकळलं तर वाफ आपल्याच श्वासात जाते. म्हणून ते पाणी पिणं आणि त्यात स्वयंपाक करणं लगेच थांबवा. विहिरीजवळ विडी-काडी पेटवू देऊ नका.

मग बचत गटाच्या बैठकीत विषय घ्या. वास कधीपासून येतो, पावसाळ्यात वाढतो का, जवळ काय होतं, हे वहीत तारखेसह लिहा. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात ‘पेट्रोलजन्य पदार्थ आणि बेंझिनची तपासणी’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘पाणी तपासा’ म्हटलं, तर नेहमीच्याच चाचण्या होतील. नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडूनच काचेची बाटली मागा. ती काठोकाठ भरावी लागते, थंड ठेवावी लागते. आणि अहवाल येईपर्यंत दुसरं पिण्याचं पाणी मिळावं, ही मागणी त्याच अर्जात करा.

पाणी आपण भरतो, म्हणून त्याचा वास बदललेला आधी आपल्यालाच कळतो. तो लिहून ठेवणं, हीच तपासणीची पहिली पायरी.